गाळ

बानं आधी वारा शिकवला, मग बंदूक.
चिमटीतून राख सोडायची;
जनावराकडं उडाली की जागा बदलायची.
हाका उठला की जांबोटीचं रान फुटायचं,
आणि रात्री वाटा घरी यायचा
पळसाच्या पानात, केसांसकट, अजून ऊन.

चाळिशीत बंदूक ठाण्यात जमा केली,
निवडणुकीपुरती.
हात रिकामे, म्हणून मलप्रभेवर गेलो.

फक्कीरप्पा अंबिगेर म्हणाला, "गाळ हाकु."
मी वाकून काठचा चिखल चाचपू लागलो.
तो असा हसला की समोरचा खंड्या उडाला.
त्याच्या बोलीत गाळ म्हणजे गळ.
"सुम्न कूड," म्हणाला मग.
तेवढं कळलं.

बसलो.
दोरा बोटावर, बोट गुडघ्यावर.
ऊन डोहावरून सरकत पलीकडच्या करंजाला लागलं.
आजवर आधी मी बघायचो,
जनावराला मागाहून कळायचं.
इथं खालून कुणीतरी
मलाच चाचपत होतं,
एकदा,
थांबून पुन्हा एकदा.
श्वास धरला तो बाच्या शिकवणीनं,
पण नेम कशावरच नव्हता.

मरळ निसटली. मी हसलो, फक्कीरप्पासारखा.

निकाल लागून दोन महिने झाले.
बंदुकीच्या पावतीत
गांडुळं छान राहतात.