उजवा गाल

मेणाच्या ठोकळ्यावर पेन्सिलीनं लिहिलंय
के. डी. मगदूम, पुरुष, ६४, उजवा गाल.
लग्नानंतर आडनाव बदललंय माझं,
त्यामुळे लॅबमध्ये कुणी काही विचारलं नाही.

मसुराएवढा तुकडा.
पापुद्रा काढला, कोमट पाण्यावर तरंगवला,
काचेवर घेतला, रंगात बुडवला,
आधी जांभळ्या, मग गुलाबी.
रोजच्या चाळीस तुकड्यांसारखाच.
खाली राजारामपुरीत कुणीतरी
जुन्या स्कूटरला किका मारत होतं.

मग डोळा लावला.

जिथं गुलाबी दोर ताणून बसलेले असतात
तिथं निळसर राखाडी गुंता,
चरकातनं दुसऱ्यांदा काढलेलं चिपाड.
रिपोर्टात यासाठी एक शब्द आहे,
मॅडम तो पेन न उचलता लिहितात.
मला मात्र तिथं कागल दिसलं.

सत्तावीस वर्षं केएमटी.
सकाळी कागलहून येताना ऊन उजवीकडनं,
दुपारी कागलला जाताना ऊन उजवीकडनं.
ड्युटीच अशी लागलेली, की सूर्य
महिन्याचा पास काढल्यागत
ड्रायव्हरच्या खिडकीशी उभा.
वर गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांचा धूर,
पेटवलेल्या पाचटाची काळी भुरभुर,
पुढच्या ट्रकचं डिझेल.
बिडी मात्र दोन्ही गालांना सारखी.

पेशी काही लगेच हात टेकत नाही.
डेपोत रात्रपाळीला मेस्त्री असायचे
तसे तिच्यातही असतात.
दिवसा तुटलेला धागा रात्री सांधायचा,
पहाटे पाचला गाडी लाइनवर.
हजारो रात्री हे चाललं असणार.
मग एका रात्री पाना खाली ठेवून मेस्त्री म्हणतो,
पार्ट न्हाईत. चालवा तशीच.

आणि काही पेशी मरतही नाहीत,
वाढतही नाहीत. बसून राहतात,
तालमीबाहेरच्या कट्ट्यावरच्या रिटायर मंडळींसारख्या,
दिवसभर पुटपुटत,
शेजारच्या धडधाकट पोराचंही डोकं फिरवत.

आप्पा हल्ली तिथंच असतात.
ही ओळ खोडायला हवी.

"काय निघालं?" संध्याकाळी त्यांनी विचारलं,
बोट पट्टीच्या कडेवरून फिरवत.
"घातक काही नाही. ऊन निघालं."
"किती?"
"सत्तावीस वर्षांचं."
"आयला," म्हणाले, "पगारात धरलं न्हाई की कुणी ते."

आई जेवायला त्यांच्या डाव्या अंगाला बसते,
नवी नवरी होती तेव्हापासून.
तिच्या बाजूचा गाल अजून पन्नाशीत आहे,
हसला की जेमतेम दोन घड्या पडतात.
म्हणून तर कुणी आप्पांना म्हातारा म्हटलं
की ती भांडायला उठते.
मी वाढायला समोर.
मला दोघं दिसतात,
मध्ये नाक, हायवेच्या दुभाजकागत.

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला,
रश्श्यात बुडवला,
आणि डाव्या दाढेनं चावत राहिले,
टाके दुखतात म्हणून.

सोमवारी लॅबमध्ये शिपायाला म्हटलं,
माझं टेबल जरा फिरवून दे.
"का ओ ताई? हितं उजेड चांगला येतोय की."
होय, म्हटलं.
उजवीकडनं येतो.