साठ दिवसांची उधारी

रबाळ्याच्या एमआयडीसीत, गाळा क्रमांक चौदा.
उजवीकडे घरतकाकांचा स्प्रिंगांचा कारखाना,
डावीकडे दिवसभर थर्माकोल कापणारा एक अबोल मुलगा,
आणि मध्ये मी,
मनगटापर्यंत मातीत.

शटरवर अजून आधीच्याचंच नाव आहे, 'कुंदन पॅकेजिंग'.
रंगारी दोन हजार मागतो.
म्हटलं, राहू दे, पुढच्या महिन्यात बघू.
हेच वाक्य मी सतरा वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं,
ऐरोलीला, काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावरून.

माझं काम होतं घासाघीस.
खुर्च्या, डायऱ्या, पाण्याचे जार,
दिवाळीचे सुक्या मेव्याचे डबे,
ज्याचा त्याचा भाव पाडून दाखवायचा.
खोटं कशाला सांगू, हात चांगला होता माझा.
एका वर्षी ट्रॉफी दिली त्यांनी, ॲक्रिलिकची.
आता तिच्यावर ओले ब्रश टेकवून ठेवते.

राजीनामा दिला त्या रात्री आई फोनवर म्हणाली,
"मडकी? आपल्यात कुणी केलंय का गं हे?"
मग जरा थांबून, आवाज खाली आणून,
"ग्रॅच्युइटी तरी पूर्ण मिळेल ना?"
नचिकेत काहीच बोलला नाही.
त्याने लॅपटॉप उघडून एक तक्ता केला:
साडेचारशे कप, म्हणजे अन्वयच्या शाळेची एक टर्म.
तो तक्ता फ्रीजवर आहे.
दूध काढताना दिसतो.

शुक्रवारी इथली वीज जाते,
म्हणून भट्टी बुधवारी रात्री लावायची
आणि गुरुवारी दिवसभर तिच्याभोवती घुटमळायचं.
पहिल्या खेपेला छत्तीस कप आत गेले,
अकरा शाबूत आले.
बाकीच्यांच्या तळाला केसाएवढी चीर,
पाणी ओतलं की घाम फुटल्यासारखी ओल.
घरतकाकांनी एक कप उचलला, टिचकी मारून ऐकला.
"भट्टी लगेच नाय जमत, मॅडम.
आमचं लोखंड तरी कुठं पहिल्या दिवशी ऐकतं?"

आणि मग ईशान सावेचा फोन.
मीच शिकवून तयार केलेला पोरगा, आता माझ्या खुर्चीत.
"दोनशे कप हवेत, मॅडम,
दहा वर्षं पूर्ण झालेल्यांना भेट द्यायला.
फक्त एक छोटासा फॉर्म पाठवतोय."

अकरा पानं.
समासावरूनच ओळखला मी तो.
कलम सात: मागील तीन वर्षांची उलाढाल.
कलम नऊ: बिल मिळाल्यापासून साठ दिवसांनी पैसे.
नववं कलम माझ्या हातचं.
एका दुपारी, डबा उघडायच्या आधी,
पंचेचाळीस खोडून साठ केले होते.
दोन मिनिटं लागली असतील.
ट्रॉफी त्याच वर्षीची.

कळव्याचे तांबोळी डायऱ्या पुरवायचे.
दर मार्चला येत,
मांडीवर हेल्मेट घेऊन रिसेप्शनला बसत.
"निदान पंचेचाळीस तरी करा, मॅडम,
कागदवाला माझ्यासाठी थांबत नाही."
मी हसून नववं कलम दाखवायचे.
ते पाणी प्यायचे, आणि ग्लास
बरोबर मधोमध ठेवायचे त्या गोल चकतीवर,
जणू तोही हिशोबात धरला जाईल.

काल मी फॉर्म भरला.
उलाढालीच्या रकान्यात खरा आकडा लिहिला,
तो इतका लहान होता की रकाना रिकामाच वाटला.
साठवर रेघ मारली, तीस लिहिलं, शेजारी सही केली.
मातीचा अंगठा उमटला कागदावर, पुसला नाही.
ईशानने वाचलंय.
उत्तर आलेलं नाही.

आज बुधवार.
भट्टीत पुन्हा छत्तीस, एकावरही लोगो नाही.
एकाच्या बुडाशी, ओला असतानाच,
टूथपिकने कोरलंय, 'तांबोळी'.
टिकला तर कळव्याला नेऊन देईन.
ते चहा घेतात की कॉफी,
ते मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.