जागल

तिसरी पाळी सुरू झाली तेव्हा पोळा व्हायचा होता.
रात्री साडेदहाला खैरगोंदीच्या फाट्यावर गाडी येते,
बावीस बाया, दोन पोरी, जांभया देणारा ड्रायव्हर.
गेटवर जोडवी काढायची,
मंगळसूत्र, पिना, कानातलं,
सगळं एका डबीत. माझी एकशे सतरा.
मग तांब्याच्या पत्र्यावर तळवा टेकायचा,
अंगातली वीज जमिनीला द्यायची
आणि आत.

आत तोफेचे गोळे. रिकामे येतात, आम्ही भरतो.
वितळलेली दारू पाकासारखी ओतायची, सावकाश,
बुडबुडा राहिला तर गोळा बाद.
किंवा आपण.

सहारे सुपरवायझर डबा खाताना सांगतो,
"युरोपची ऑर्डर हाये. तिकडची जागल अमेरिका करत होती,
पंचाहत्तर वर्सं. आता म्हनते, तुमचं तुमी पाहा."
कांता नेवारे म्हणाली, "मंग आपला पगार वाढन का?"
सहारे हसला.
ओव्हरटाइम वाढला.

अमेरिका मला माहीत नाही. जागल माहीत आहे.
आमच्या शिवारात नथ्थूजी डायरे मचाणावर असायचा,
लायसनची बंदूक मांडीवर.
बार त्याने क्वचितच काढला. खोकला की पुरे,
डुकरं नाल्यापलीकडे थांबायची.
वर्षाला पायलीभर तूर द्यायचो घरटी,
आणि धुऱ्याचं भांडण झालं की शब्द त्याचाच.
मचाणाखालून जाताना लोक आवाज खाली करत.
तेही खरंच.

एका हिवाळ्यात म्हणाला,
तूर तुम्ही खाता, झोप माझी जाते.
उतरला, बंदूक घेऊन पोराकडे गेला, हिंगण्याला.
पहिल्या रात्री डुकरं आलीच नाहीत.
त्यांनाही खरं वाटलं नसेल.
आठव्या रात्री आली.

मग ज्याने त्याने आपापलं.
कोणी फटाके, कोणी झटका मशीन,
कोणी सरळ खांबावरून आकडा टाकून तारेत वीज सोडली.
वामन बोरकुटे पहाटे पाणी पाहायला निघाला,
दोन धुरे ओलांडले, तिसरा नाही.
डुकरासाठी लावली होती, शेजारी पोलिसांना सांगत राहिला,
वामनच्या आईला सांगत राहिला,
नंतर कोणी नसलं तरी सांगायचा,
डुकरासाठी लावली होती.

माझे तळवे पिवळे झालेत.
राखेने, लिंबाने, कशानेच जात नाही.
नणंद विचारते, "कोनाची हळद होती वं?"
प्रणिताची खरीच झाली, मार्गशीर्षात.
तिच्या हातांवर ती दिसलीच नाही.

पेट्यांवर देश लिहिलेला नसतो, नुसते आकडे.
सहारे कधी पोलंड म्हणतो, कधी लिथुआनिया.
पोरीच्या नकाशात शोधला मी लिथुआनिया.
करंगळीच्या नखाखाली अख्खा झाकला गेला.
नखही पिवळंच.
तिथली एखादी बाई रात्री उठून
कडी पुन्हा तपासत असेल का?
शेजाऱ्याच्या शेतात दिवा हलला तर
नाव घेऊन हाक मारत असेल,
की आधी घरातला दिवा मालवत असेल?

ओव्हरटाइमच्या पैशात दिवाळीला
आम्हीही झटका मशीन घेतलं. सोलरचं, पावतीवालं,
माणूस मरत नाही म्हणतात.
रात्रभर बांधावर टिक टिक करतं.

आज सकाळी गाडीतून मचाण दिसलं.
फळ्या कोणीतरी चुलीला नेल्या, चार बल्ल्या उभ्या आहेत.
फाट्यावर उतरून डबीतलं पदरात ओतलं,
जोडवी दोन, मंगळसूत्र, कानातलं,
पिना तीन.

काल चार होत्या.
बहुतेक चार.

झोपायची वेळ झाली, पोरगी शाळेत गेली,
मी पदर झटकते आहे, परत झटकते आहे,
रात्री भरलेले गोळे आठवते आहे, एकेक,
आणि ट्रक तर पाचलाच निघाला.