गृहीत धरू

प्राध्यापक तुल्यो क्रावान्या यांचा प्रत्येक लेख
मीच टंकला. एकतीस वर्षं.
आधी यंत्रावर, मग पडद्यावर,
आणि ग्रीक अक्षरं तेवढी हातानं, काळ्या शाईत,
कारण माझ्या यंत्राला सिग्मा येत नव्हता.

सगळ्यांची सुरुवात एकच : गृहीत धरू.
गृहीत धरू की सर्वांना सर्व ठाऊक आहे.
गृहीत धरू की विकणाऱ्याला घेणारा भेटतोच.
कॉफीचा कप ठेवताना एकदा मी म्हटलं,
जुनं शिवणयंत्र विकून पाहिलंय का तुम्ही कधी?
ते हसले नाहीत.
वहीत काहीतरी टिपून घेतलं.

एकोणिसाव्या वर्षी ते लागले होते
त्रिएस्तच्या धक्क्याजवळ, जहाजांच्या विमा कचेरीत.
ब्राझीलहून येणारी कॉफीची पोती मोजायची,
आणि बुडणाऱ्याची किंमत
न बुडणाऱ्यांकडून थोडीथोडी वसूल करायची.
हेच अर्थशास्त्र, म्हणायचे,
बाकी मी त्याला नुसता कोट शिवला.

पहिला लेख अकरा पानांचा. बोरा वाऱ्यावर.
हिवाळ्यात तो डोंगरावरून सुटला की
इथली माणसं पूर्वी रस्त्याकडेच्या दोराला धरून चालत.
वाऱ्याच्या महिन्यांत हप्ता किती वाढवावा,
एवढाच प्रश्न.
तो कुणी वाचला नाही.

दुसरा वाचला.
मिलानहून गडद सूट घातलेले तिघे आले,
पान सातवरचं समीकरण घेऊन गेले.
पान तीन टेबलावरच राहिलं.
गृहीतक तिथं होतं.

मग पुरस्कार, मग पाठ्यपुस्तक,
मग विमानतळांवरून येणारी दुरुस्त्यांची पाकिटं,
समासात त्यांचं मुंगीएवढं अक्षर.
नफ्याच्या मागे धावणाऱ्यांना
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची
आता शास्त्रीय सोय झाली होती.
हे मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते आहे,
म्हणजे मीही त्यांच्यासारखीच.

बँक गेली तो मंगळवार होता.
गुरुवारी मुज्जाच्या एका मच्छीमाराचं पत्र आलं,
एउजेन्यो फोंतानोत, निळ्या रेघांच्या कागदावर :
*तुम्ही सिद्ध केलंय म्हणतात की असं
दहा हजार वर्षांत एकदाच होतं.
मी अडुसष्टचा आहे.
माझ्या वाट्याला नेमकं हेच वर्ष कसं आलं?*

तीन आठवडे ते पत्र त्यांच्या चष्म्याखाली पडून होतं.
उत्तर त्यांनी हातानं लिहिलं.
टंकायला दिलं नाही.
पाकीट मीच टपालात टाकलं. जड होतं,
दोन तिकिटं लागली.

चौथ्या आवृत्तीत त्यांना एक प्रकरण हवं होतं.
प्रकाशक म्हणाला, तळटीप घ्या.
तळटीप चौदा, पान दोनशे तीन :
*वारा मी मोजला.
दोर कुणी बांधायचा, हे विचारलं नाही.*
परीक्षणात कुणीतरी लिहिलं, भाषा सैल झाली आहे.

माझे पैसे कुठं ठेवू, असं मी एकदाच विचारलं.
म्हणाले, माहीत नाही.
दुसऱ्या दिवशी तीन पानं घेऊन आले,
दोन आलेख, एक तक्ता, आणि शेवटी निष्कर्ष :
छत दुरुस्त करून घ्या, नीवेस.
घेतलं. आजतागायत गळलं नाही.
त्यांच्या सिद्धांतांपैकी एवढ्याचीच हमी मी देऊ शकते.

फेब्रुवारीत गेले. वारा होता.
वर्तमानपत्रानं नावाचं स्पेलिंग चुकवलं.
संस्थेनं मला त्यांच्या लेखनाची यादी करायला सांगितली :
चौसष्ट लेख, एक पुस्तक, आवृत्त्या चार.
मी खाली पासष्टावं टंकलं :
*फोंतानोत यांस उत्तर. हस्तलिखित.
पाने : ठाऊक नाहीत. प्रती : एक, मुज्जात.*
आणि त्याखाली, जुन्या सवयीनं,
चूकभूल द्यावी घ्यावी.

संस्थेतला पोरगा म्हणाला,
बाई, या पासष्टाव्याला पुरावा काय?

मी म्हटलं, गृहीत धर.