दोन मिनिटं

आडगावला, टर्मिनलच्या भिंतीमागं
कौतिक मिस्त्री भंगारातला टर्बो हातावर तोलतो,
बोटानं पंखा फिरवतो, कानाला लावतो.
"शाफ्टला प्ले नाही. चालंल."

माझी गाडी चौऱ्याण्णवची, साध्या श्वासाची.
कसाऱ्यात दुसऱ्या गिअरवर, मागं हॉर्नची रांग,
आणि सायलेन्सरमधून काळंभोर, न जळलेलं डिझेल.
माझेच पैसे.

"फेकतोस ना धूर? तोच आता पंखा फिरवील."

तीन दिवस. तेलाची नळी दोनदा गळली.
परतीच्या तेलासाठी चेंबरला भोक पाडताना
त्यानं मला चहाला पिटाळलं,
ऑपरेशनच्या वेळी नातेवाइकांना पिटाळतात तसं.
पंपाचा स्क्रू मात्र पाव फेराच.
"पिस्टन जुने आहेत. हाव करू नको."

काल भिवंडीची सळई भरून घाट चढलो,
तिसऱ्यावर. बारीक शीळ, अख्ख्या चढावर.
इगतपुरीला हात सवयीनं चावीकडे गेला,
थांबला.
लगेच बंद करायची नाही.
आतलं चाक फिरतंच असतं अजून,
तेल मिळू दे त्याला.

धुकं काचेवर आलं.
क्लीनर झोपेतून उठला: "काय झालं, उस्ताद?"
काही नाही रे.
थांबलोय.