मुलुंडच्या शाखेसाठी

प्रफुल्लशेटनी कॅटलॉग पुढे सरकवला.
“तू दिवसभर त्यांच्यात असतेस. सांग बघू,
क्लायंट लोकांना नेमकं काय आवडतं?
तेच मागवू.”
कॅटलॉगातली माणसं घाम न गाळता हसत होती.

घ्या लिहून.

दोर. जाड, काळे,
भाऊच्या धक्क्यावर बोट बांधावी असे.
पेरीनबाई चिनॉय, वय एकसष्ट,
पहिल्या दिवशी म्हणाल्या, हे मला नाय जमणार, डिकरा.
तिसऱ्या आठवड्यात दोन्ही टोकं धरून
त्यांनी जमीन अशी झोडपली
की खालच्या मजल्यावरचा डेंटिस्ट धावत वर आला,
हातात तोंडात घालायचा तो चिमुकला आरसा तसाच.
बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.
“अजून वीस सेकंद,” म्हणाल्या.
कुणाला झोडपत होत्या, मी विचारत नाही.
पण दोर दोन मागवा.

ट्रेडमिल एक पुरे.
बघायला येणारा आधी तीच मोजतो
आणि फी भरल्यावर तिच्यावर टॉवेल वाळत घालतो.
आपल्या चेंबूरच्या चारी ट्रेडमिल
मोनोरेलच्या खांबाकडे तोंड करून उभ्या आहेत.
चार वर्षं पळूनही खांब जवळ आलेला नाही.

सुखटणकर काकांना चालायचंच असतं, पण वजन घेऊन.
दोन हातांत दोन केटलबेल, सोळा-सोळा किलो,
आरशापासून कूलरपर्यंत आणि परत.
लहानपणी खालच्या नळावरून
चौथ्या मजल्यावर पाणी चढवायचे,
दोन बादल्या, सांडलं तर आईची बोलणी.
“तेव्हा कुणी म्हटलं नाही, ग्रिप छान आहे तुझी.”
मी म्हणते.
रोज म्हणते. खोटं नाही, खरंच छान आहे.

गौरांगला डेडलिफ्ट. आकडे त्याचे ऑफिसातही वाढतच असतात,
त्याचं त्याला काही नाही.
त्याला बार सोडल्यावरचा आवाज हवा असतो.
हळू ठेव, मी ओरडते,
खालून डेंटिस्ट ओरडतो,
आणि गौरांगच्या चेहऱ्यावर पाचवीतल्या पोराचं हसू.
त्यासाठी जाड रबरी मॅट लागेल. स्वस्तातली नको.

प्लँक कुणालाच आवडत नाही.
संपलेला प्लँक सगळ्यांना आवडतो.
त्याला सामान लागत नाही, शेट,
फक्त सेकंद लागतात, आणि ते मी थोडे लांबवते.

नाझनीन खोत बारला नुसती लटकते.
फार्मसीत अकरा तास उभी असते, म्हणते,
लटकलं की पाय कुणाचेच नसतात.
पुल-अप अजून एकही नाही.
मी घाई करत नाही.

आता एक गोष्ट कॅटलॉगात नाही.
शेवटची पाच मिनिटं.
मंदाताई मॅटवर आडव्या होतात,
मी त्यांची टाच तळहातात घेते
आणि पाय सावकाश वर नेते, छताकडे.
तीस मोजायचे असतात.
मी चाळीस मोजते.
त्यांना कळतं. डोळे मिटलेलेच ठेवतात.
घरी एकट्या असतात, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं,
तेही फॉर्म भरताना,
“आणीबाणीत कुणाला कळवायचं” या रकान्यापाशी थांबून.
खाली माझा नंबर लिहिला आहे.

आणि एक स्टूल.
साधं, लाकडी, कोपऱ्यात मावेल असं.
पहाटे साडेपाचपासून मी उभी असते,
इतरांचे गुडघे सांभाळत.

शेटनी मान डोलावली, पेनचं टोपण काढलं,
आणि लिहिलं: ट्रेडमिल, सहा.
“स्टूल यांच्याकडे येत नाही गं.”

जिन्यात पेरीनबाईंचा आवाज आला,
डेंटिस्टशी भांडत वर येत होत्या.
मी उठले, म्हणजे उभीच होते,
आणि दोरांची वेटोळी सोडवायला घेतली.