छाट

अम्मा हजार विड्या वळायची दिवसाला. आता सहाशे.
संध्याकाळी कारखान्यात चेकर बसतो टेबलामागं,
पंचवीसचा कट्टा सोडतो, बोटांत फिरवून
दहा-बारा बाजूला टाकतो:
छाट.
त्याचे पैसे नाहीत. विडीही परत नाही.
ती कुठं जाते, तिनं कधी विचारलं नाही.
लहानपणी मी विचारलं, तर
दंडाला चिमटा बसला.

आता मी होटगी रोडच्या पुढं
दोन दारांच्या आत बसते.
पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही.
हातमोज्यावर हातमोजा. मास्कची कडा अशी रुतते
की रात्री अम्मा अंगठ्यानं चोळते ती रेघ.
अंड्याच्या हिरव्या थरावर
मी जंतू वाढवते.
त्यांना घाई नाही. एकाचे दोन व्हायला
अख्खा दिवस घेतात.
"आमचा माग यापेक्षा लवकर देतो कापड,"
आमची टेक्निशियन, मेरगूंची सून, म्हणते.
चार लूम बंद आहेत तिच्या घरचे.

तीन आठवड्यांनी दिसतात:
पावाचा चुरा सांडल्यासारखे, पिवळट, खरबरीत.
म्हणजे औषध हरलं.
चारशे बारा रेणू तपासले आम्ही.
चारशे बारा छाट.

नान्ना गोळ्या घ्यायचे तेव्हा
घामसुद्धा केशरी यायचा.
अम्मा बनियन वेगळी भिजवायची.
गल्लीला वाटायचं, रंगखात्यात लागले कामाला.
आम्ही तसंच वाटू दिलं.

मला बघायला आलेल्या बाईंनी विचारलं,
"मुलगी टीबीत आहे म्हणे?"
अम्मा म्हणाली, "टीबीत नाही. टीबीवर आहे."
"तेच ते," म्हणाल्या,
आणि पोहे तसेच ठेवून गेल्या.
चांगले झाले होते पोहे. आम्हीच खाल्ले.

तबस्सुम बागवान माझ्याआधी सात वर्षं इथं.
दर मार्चला तिचं पत्र यायचं, अकरा महिन्यांचं.
पोटात बाळ असेल तर दुसऱ्या दाराच्या आत जायचं नाही.
नियम आहे, बरोबरच आहे.
पण मग कुठं जायचं,
ते त्या नियमात लिहिलेलं नाही.
ती घरी गेली, विजापूर वेशीत.
त्या मार्चला पत्र आलं नाही.

परवा रात्री तिचा फोन. मागं बाळ किरकिर करतंय.
"दोनशे नऊ बघ. जुन्या वह्या चाळत होते.
तिन्ही वेळा वाढले जंतू, पण तिन्ही वेळा
चार दिवस उशिरा."
मी उठून बसले.

अम्मा पान कापत होती पत्र्याच्या साच्यावर.
"काय झालं? औषध सापडलं?"
"नाही. उशीर झाला."
"मग एवढं हसालीस कशाला?"

समजावलं, जमेल तसं:
मारलं नाही त्यानं, पण अडवलं.
अडवणाऱ्याला थोडं वाकवून बघायचं,
इथं एक कडी काढायची, तिथं एक जोडायची.
वर्षं जातील. कदाचित तेही छाट.

कात्री थांबली.
"ती छाट ठेवता कुठं तुम्ही?"
"उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये. नंबर टाकून."
"टाकून देत नाहीत?"
"नाही."
बराच वेळ पानाकडं बघत राहिली.
"आणि कुणाच्या नावावर?"

म्हटलं, फाईलवर तर साहेबांचं नाव आहे.
चिठ्ठ्यांवर अक्षर तबस्सुमचं.

अम्मा काही बोलली नाही.
तंबाखूचं सूप जवळ ओढलं
आणि दुसऱ्या हातानं
फोन माझ्याकडं सरकवला.